पुण्यातून चिनी मुलांना इंग्रजी : आमची वाटचाल

पाच ते आठ वर्षांच्या चिनी मुलांना ऑनलाइन गटात इंग्रजी बोलायला शिकवणं, एवढंच आमच्या छोट्या संस्थेचं काम. सुरुवातीला एका शिक्षकाकडे एकच मूल असायचं. गटाकडे वळलो ते फी कमी ठेवता यावी म्हणून. पुढे दिसलं की मुलं शिक्षकापेक्षा एकमेकांचं ऐकून लवकर बोलू लागतात.

गटात चारच मुलं घेतो. पंचवीस मिनिटांतली पाच स्वागत, गाणं आणि निरोपात जातात. उरलेल्या विसात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं येतात, तीही शिक्षक कमी बोलला तर. सहा मुलं असली की पाळी परत येईपर्यंत एखादं खुर्चीवरून उतरलेलं असतं. म्हणून सूचना तीन-चार शब्दांची, बाकी सगळं हातवारे आणि कॅमेऱ्यासमोर धरलेल्या खऱ्या वस्तू.

सगळ्यांनी एका सुरात म्हणणं ऑनलाइन जमत नाही. प्रत्येकाचा आवाज कमीजास्त उशिरानं पोहोचतो आणि नुसता गोंगाट होतो. आम्ही माइक बंद ठेवून म्हणून घेतो, ओठ बघतो, मग एकेकाचा माइक उघडतो. पाळीचा क्रम दर फेरीत बदलतो, नाहीतर शेवटचं मूल पहिल्या तिघांची नक्कल करतं आणि वाक्य स्वतः जुळवतच नाही. चीनमध्ये यूट्यूब उघडत नाही, त्यामुळे व्हिडिओ आणि चित्रं आधीच वर्गाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून ठेवावी लागत.

खरी मेहनत उच्चारांवर. मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी स्वर तरी येतो, नाहीतर 'न' किंवा 'ङ', फार तर 'र'. म्हणून 'डॉग'चा शेवटचा 'ग' गळतो किंवा 'डॉगअ' होतो. 'थ्री'चं 'स्री' होतं. बोलताना 'तो' आणि 'ती' दोन्हींसाठी एकच 'था', त्यामुळे 'ही' आणि 'शी' यांची अदलाबदल पुढेही बराच काळ चालते. त्यात पहिलीत मुलं पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांतलं चिनी लेखन, शिकतात. तिथे 'क्यू' हे अक्षर 'छ'च्या जवळचं आणि 'एक्स' 'श'च्या जवळचं. त्याच काळात इंग्रजी वाचन सुरू केलं की दोन्ही कच्चं राहतं. आम्ही पहिलीचं पहिलं सत्र फक्त बोलण्यावर घालवतो.

मराठी शिक्षकालाही इथे कसून तयारी करावी लागते. आपला 'थ' इंग्रजीतला नाही, आणि आपण 'व्ही' व 'डब्ल्यू' दोन्हींना एकच 'व' वापरतो. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले मुलाला स्पष्ट दिसले पाहिजेत. म्हणून उजेड समोरून आणि कॅमेरा तोंडाच्या उंचीवर.

२९ जून २०२० रोजी भारतानं ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. चिनी पालकांशी वेळापत्रक, गृहपाठाचे आवाज, सगळं त्यावरच चाले. ते ई-मेलवर आणलं. २४ जुलै २०२१ रोजी चीननं शाळकरी मुलांवरचा अभ्यासाचा आणि शिकवण्यांचा भार कमी करणारं धोरण जाहीर केलं. परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवणी बंद, शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांचे ऑनलाइन वर्ग बंद. आमचे चीनमधले वर्ग तिथेच थांबले. त्याच धोरणात ऑनलाइन तासिका ३० मिनिटांपेक्षा मोठी नको आणि दोन तासिकांत किमान १० मिनिटं मोकळी हवीत, असंही आहे. हा नियम मुलांच्या डोळ्यांसाठी आणि लक्षासाठी योग्यच आहे. आम्ही तो आजही पाळतो.

आता आमची मुलं सिंगापूरमधल्या चिनी कुटुंबांतली आणि मलेशियातल्या चिनी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतली. घड्याळ बीजिंगचंच, आपल्यापुढे अडीच तास. तिथे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे इथे चार. या मुलांच्या कानावर इंग्रजी आधीपासून पडतं, त्यामुळे एकाच वयाच्या मुलांत फरक मोठा असतो. गट आता वयावरून करत नाही. प्रवेशाआधी दहा मिनिटं एक चित्र दाखवून मुलाला बोलतं करतो. ते सुटे शब्द सांगतं की वाक्य, त्यावरून गट ठरतो.