बरीचे पुट आणि हळदीची थप्पी

आज सांगलीच्या मार्केट यार्डात चहा घेताना भाच्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, मायकल बरीनं १.६ अब्ज डॉलरचे पुट घेतलेत! सगळं विकून मोकळा होऊ का?" बरी म्हणजे अमेरिकेतला नावाजलेला गुंतवणूकदार, आणि पुट म्हणजे भाव पडला तर फायदा देणारा ऑप्शन करार. बातमी ऑगस्ट २०२३ ची, कुणीतरी परत फिरवलेली.

म्हटलं, बस जरा. तेवढे पैसे त्यानं खिशातून घातलेच नव्हते. अमेरिकेत मोठ्या गुंतवणूकदारांना दर तिमाहीला १३ एफ नावाचं विवरण द्यावं लागतं, त्यात ऑप्शनसमोर त्यामागच्या शेअर्सची पूर्ण किंमत येते. करारासाठी प्रीमियम किती भरला, स्ट्राइक म्हणजे ठरलेला भाव कुठला, मुदत कधीची, पत्ता नाही. शॉर्ट पोझिशन, म्हणजे उसने घेऊन विकलेले शेअर, तेही दिसत नाहीत. वर तिमाही संपल्यावर ४५ दिवसांची सवलत, म्हणजे शिळ्या कढीला ऊत. सप्टेंबरअखेरच्या विवरणात ते पुट गायबही झाले होते.

पोरगं ऐकेना. मग समोरच्या गाळ्यातली थप्पी दाखवली. "पुराच्या भीतीनं दहा लाखांच्या हळदीचा विमा काढला, तर दहा लाख गेले का? आणि विमा काढला म्हणजे कृष्णामाई यार्डात येणारच का?"

त्यानं पोत्यातलं एक हळकुंड उचललं, मोडून पाहिलं, बोटं पिवळी करून घेतली. "म्हणजे विकू नको?"

२०२३ ला हीच बातमी वाचून मी माझे निफ्टीबीज, म्हणजे निफ्टी निर्देशांकाच्या फंडाचे युनिट, विकले होते. ते काही त्याला सांगितलं नाही. चहाचे पैसे मात्र मीच दिले.