एमजी रोडच्या पलीकडचे गांधी : नाशिकमधली एक पायी फेरी

नाशिकमध्ये गांधींचं म्हणून काय बघायचं, असं रिक्षावाल्याला विचारलं तर तो एमजी रोडला नेऊन सोडतो. मोबाइलची कव्हरं, स्क्रीनगार्ड आणि पार्किंगवरून होणारी वादावादी सोडली तर तिथे बघण्यासारखं काही नाही. तसा रिक्षावाल्याचाही दोष नाही. स्वातंत्र्यलढ्यातलं नाशिक म्हटलं की भगूरचे सावरकर आठवतात, नाहीतर विजयानंद थिएटर आणि अनंत कान्हेरे. २१ डिसेंबर १९०९ ला त्याच थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यामुळे सत्याग्रहाचं नाशिक बघायला आलोय म्हटल्यावर माझ्या आतेभावाचा पहिला सल्ला होता, "दादा, त्यासाठी वर्ध्याला जा की! इथे तू द्राक्षं खा आणि मिसळ खा."

तरी गेलो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

आधी पोचण्याचं. मुंबईहून सकाळची तपोवन एक्सप्रेस सोयीची, दहाच्या आत नाशिकरोडला उतरवते. पुण्याहून मात्र शिवाजीनगरची एसटी बरी, फक्त पाच तास धरून चला. नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नव्हे, मध्ये नऊ-दहा किलोमीटर अंतर आहे. 'स्टेशनजवळ' म्हणून हॉटेल घेतलंत तर रोज तेवढी ये-जा पदरात पडते. स्टेशनबाहेरून निमाणीला जाणारी सिटीलिंकची बस घ्या. निमाणी म्हणजे पंचवटीच, तिथून सगळं पायी होतं. स्वतःची गाडी असेल तर ती पंचवटीच्या गल्ल्यांत घालू नका. २०२७ च्या सिंहस्थासाठी जागोजागी कामं काढलेली आहेत, कालचा रस्ता आज उघडा सापडेलच असं नाही.

सुरुवात रामकुंडापासून करा, आणि सकाळीच. ऊन चढलं की घाटाची फरशी पाय ठेवू देत नाही. रामकुंडाला लागूनच गांधी तलाव आणि गांधी ज्योत आहे. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथे विसर्जित झाला, त्याची ही आठवण. मी गेलो तेव्हा कठड्यावर कुणाची तरी ओली धोतरं वाळत होती. शेजारी एक बाई पानाच्या द्रोणांत झेंडू, वात, झेंडू, वात असं न बघता भरत होती. "हे गांधींचं ना?" म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "हो, बाबांचं. दिवा घ्या, वीस रुपये."

अस्थींची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. गांधी या पाण्यात त्याच्या ५७ वर्षं आधी उतरले होते, हे फारसं कुणी सांगत नाही. १८८८ मध्ये ते बॅरिस्टर व्हायला निघाले तेव्हा मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीची पंचायत बसली. समुद्र ओलांडणं धर्माला मान्य नाही म्हणून त्यांना जातीबाहेर टाकलं. जो कुणी मदत करेल किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. १८९१ च्या जुलैत ते परत आले. आई गेल्याची बातमी घरच्यांनी तोवर दडवून ठेवली होती, ती मुंबईत उतरल्यावर कळली. मोठ्या भावाला जातीशी तडजोड हवी होती. त्याने राजकोटला जायच्या आधी या एकवीस वर्षांच्या बॅरिस्टरला नाशिकला आणलं, गोदावरीत स्नान घातलं, आणि राजकोटला पोचल्यावर जातीला जेवण दिलं. गांधींनी हे सगळं आत्मचरित्रात स्वतःच नोंदवलंय, आणि आपल्याला ते आवडलं नव्हतं हेही. भावाच्या शब्दाखातर केलं.

एवढं करूनही जातीतला एक गट ताठच राहिला. सासरी किंवा बहिणीकडे त्यांना जेवूखाऊ घालायला बंदी होती. ती माणसं चोरून नियम मोडायला तयार होती, पण यांनी तिथे पाणीसुद्धा घेतलं नाही. जे उघडपणे करता येत नाही ते लपूनही करायचं नाही, हा खाक्या तेव्हापासूनचा. पुढच्या सत्याग्रहाची मुळं लोक दक्षिण आफ्रिकेतल्या रेल्वेच्या डब्यात शोधतात. मला त्यातलं निदान एक मूळ या सासरच्या न प्यायलेल्या पाण्यात दिसतं. माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

घाटावर कुणीतरी गाव-आडनाव विचारत जवळ येईलच. ते तीर्थपुरोहित असतात. त्यांच्याकडच्या वह्यांत तुमच्या पणजोबांचं नाव निघू शकतं, तेव्हा लगेच झटकून टाकू नका. विधी करायचा असेल तर दक्षिणा आधी ठरवा. पायऱ्यांवर शेवाळ असतं. जुलै ते सप्टेंबर गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटच दिसत नाही. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय, यावर नाशिककर पूर मोजतात. आपणही तोच अंदाज धरावा. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार असतो. बाजार बघायचा असेल तर बुधवार उत्तम, शांतपणे फिरायचं असेल तर बुधवार टाळा.

इथून काळाराम मंदिर चालत दहा मिनिटांवर आहे. रामकुंड बघून नारोशंकराच्या घंटेपाशी फोटो काढून परत फिरलात तर अर्धंच नाशिक बघून जाल. पाण्यापाशी आपल्याला सगळे गांधीवादी भेटतात, खरी परीक्षा त्या दगडी दारांशी झाली.

अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार ओढेकरांनी हे मंदिर काळ्या पाषाणात बांधलं. बाहेरून बघताना डोळ्यांत भरतो तो तट आणि त्यातले दरवाजे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला. हजारोंची मिरवणूक आली, तर दारं बंद. मग ठरलं की दारांपाशीच बसायचं. पुरुषांबरोबर बायकाही तुकड्या करून बसल्या. इथली सगळी जुळवाजुळव दादासाहेब गायकवाडांची, म्हणजे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव कृष्णराव गायकवाडांची. तारीख पुन्हा एकदा बघा, २ मार्च. गांधींनी साबरमतीहून दांडीकडे पाऊल टाकलं ते १२ मार्चला, बरोबर दहा दिवसांनी. हत्यार एकच, पण दांडीच्या सत्याग्रहींसमोर परकं सरकार होतं आणि इथे समोर आपलेच लोक उभे होते. रामनवमीच्या उत्सवात रथाच्या वेळी दगडफेक झाली. दांडीचा मिठाचा खडा शाळेच्या पुस्तकात येतो, हे दगड फार कमी पुस्तकांत येतात.

कॉलेजवयातले कुसुमाग्रजही सत्याग्रहाच्या बाजूने इथे आले होते. हे आठवलं की गंगापूर रोडवरचं त्यांचं स्मारक नुसतं कवितेसाठी बघायची जागा राहत नाही.

मी पूर्वेच्या दाराशी चपला काढून आत गेलो. दर्शनाला पाच मिनिटं लागली. बाहेर येऊन मात्र तटाला एक पूर्ण चक्कर मारली, आणि तुम्हालाही तेच सांगेन. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत चालताना कळतं की इतक्या बाजूंनी महिनोन्महिने, आणि पुढे वर्षानुवर्षं, माणसं बसवायची, त्यांना जेवू घालायचं, तुरुंगात गेलेल्यांची घरं सांभाळायची, म्हणजे काय काम असेल. आतेभाऊ बरोबर होता. जन्म नाशिकमध्ये गेला, पण ही चक्कर त्याने पहिल्यांदाच मारली. "आम्ही लहानपणी इथून सीतागुंफेत पळायचो फक्त," एवढंच म्हणाला. सीतागुंफा शेजारीच आहे. रांग मोठी असते आणि आत वाकून जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. रामनवमी आणि त्यानंतरच्या रथाच्या दिवशी पंचवटीत पाय ठेवायला जागा नसते.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, नाशिकची मिसळ कुठली चांगली यावर घरं फुटतात. रविवारी अकरानंतर कुठेही अर्धा तास उभं राहायची तयारी ठेवा.

वाचनाची आवड असेल तर दुपार सावानाला द्या, म्हणजे १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाला. ऊनही टळतं.

परतीच्या वाटेवर नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही, फाटकाचे फोटो काढू नका, पहारेकरी हटकतात. मग जायचं कशाला? तर १९३३ च्या फेब्रुवारीत या तुरुंगात साने गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. त्याच्या आदल्या वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत होते. याच भिंतींआड त्या सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता एकत्र आले. गांधींच्या चळवळीत तुरुंगात आलेल्या या पोरांनी गांधींशी मतभेदाची मांडणीही इथेच केली, आणि त्यातून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. गुरुजी आत लिहीत होते तेव्हा पंचवटीतला काळारामाचा लढा संपलेला नव्हता. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून त्यांनीच प्राण पणाला लावून उपोषण केलं. तिथे दार उघडलं. नाशिकरोडला हे सगळं मनात जुळवत रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं, चहा घ्यायचा, बस्स. कैद्यांनी केलेल्या वस्तूंचं विक्री केंद्र उघडं असेल तर तिथे जरूर डोकवा, लाकडी काम मजबूत असतं.

इथेच नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस. तेही बाहेरूनच. खिशातल्या नोटेवरचा गांधी इथूनच निघालेला असू शकतो. गंमत अशी की १५ ऑगस्ट १९४८ ला गांधींची पहिली तिकिटं निघाली, तेव्हा नाशिकला तिकिटांचा छापखाना असूनही ती छापून आणली स्वित्झर्लंडहून. खादीवाल्यांना तेव्हा काय वाटलं असेल!

हाताशी आणखी एक दिवस असेल तर येवला करा. नाशिकहून एसटीने दोन तासांच्या आसपास. काळारामाचं दार पाच वर्षांत उघडलं नाही, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यातच जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. ती जागा आता मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. काळाराम बघून मग येवला, हाच क्रम ठेवा, उलटा केलात तर दुवा लागत नाही. ऑक्टोबरच्या त्या दिवशी तिथे मोठा मेळा भरतो. एकट्याने निवांत बघायचं असेल तर दुसरी तारीख धरा, आणि शेवटची परतीची गाडी किती वाजता हे उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा. घरचं कुणी बरोबर असेल तर पैठणीच्या दुकानांसाठी दोन तास जादा धरा, ते वाचवता येत नाहीत.