सोमवारची ओपीडी

आज एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीवर औषधं देणाऱ्या आमच्या केंद्राला, तोबा गर्दी. त्यात एक ट्रकवाले दादा, एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचा रिपोर्ट मागच्याच आठवड्यात आलेला. "मॅडम, मला तर काहीच होत नाही. गोळी आत्तापासून कशाला?"

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हीच अशा माणसाला परत पाठवायचो. सीडी-४, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, ३५०च्या खाली गेला की या म्हणायचो. आज आठवलं तरी कसंतरी होतं. २०१७पासून तो नियम गेला. आता सीडी-४ कितीही असो, उपचार लगेच.

२०११ साली जोडप्यांवरच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की गोळ्या लवकर सुरू केल्यावर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. त्यात आपलं पुणंही होतं, बरं का! रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही.

हे सगळं दादांना साध्या भाषेत सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बायकोला माझ्याकडून होणार नाही?"

"रोज गोळी घेतलीत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबलेला राहिला, तर नाही. तोवर कंडोम. आणि त्यांचीही तपासणी करून घेऊ."

बुधवारी दोघं येतायत.