मनीऑर्डरीची पोच

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी माजघराच्या वाशाला एक तार टांगलेली असे आणि तिला कागदांचा एक गठ्ठा ओवलेला असे. चुलीच्या धुराने तो इतका काळवंडला होता की लहानपणी आम्ही त्याला कधी हात लावला नाही. छप्पर उतरवायची वेळ आली तेव्हा तो खाली आला, आणि एकेक कागद कापडाने पुसून पाहिल्यावर कळले की ती मनीऑर्डरीची कूपने आहेत. माझे पणजोबा मुंबईच्या कापड गिरणीत होते. त्यांनी पाठवलेल्या पैशांबरोबर आलेली ही कूपने पणजीने जपून ठेवली होती. तिला अक्षरओळख नव्हती. तरीही १९२३ पासून १९५५ पर्यंतची दोनशे अकरा कूपने आलेल्या क्रमाने तारेला होती, मधोमध भोक पाडलेली.

पणजोबांविषयी घरात जे सांगितले जाई ते फार थोडे आणि फार ठाशीव होते. ते लालबागला राहत, पस्तीस वर्षे एकाच गिरणीत कायम कामगार होते, हाताला कसब होते म्हणून विणाई खात्यात लागले, आणि मधे एकदा त्यांनी दीड वर्ष घर टाकले. हे शेवटचे वाक्य आजोबांची बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, आवाज खाली आणून सांगत असे. त्या काळात एक पैसा आला नाही, मुंबईत दुसरे घर केले असणार, असे गावातल्या बायका म्हणत, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलीने जे ऐकले ते तिने नव्वदी ओलांडेपर्यंत सांभाळले.

नुसत्या कूपनांवरून या गोष्टीचा निकाल लागला नसता. एखाद्या वर्षीची कूपने नाहीत याचा अर्थ पैसे आले नाहीत असाही होतो आणि वाळवीने खाल्ली असाही होतो. सुदैवाने दुसरा गठ्ठा मिळाला. लालबागच्या ज्या चाळीत आमच्या गावच्या लोकांचा सामाईक गाळा होता, ती पुनर्विकासासाठी रिकामी होत असताना पोटमाळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक गावकऱ्यांनी आमच्याकडे पोहोचती केली. तिच्यात कपडे वगैरे काही नव्हते. गाळ्याच्या हिशेबाची एक वही होती, गिरणीचा एक दाखला होता, आणि मनीऑर्डरीच्या पोचपावत्या होत्या.

ज्यांनी कागदी मनीऑर्डर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे की त्या फॉर्मचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी जात. खालचे कूपन पैसे घेणाऱ्याकडे राही आणि त्यावर दोन ओळी मजकूर लिहिता येई. पोचेचा तुकडा मात्र घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जाई. म्हणजे पणजोबांचा मजकूर गावात राहिला आणि पणजीचा अंगठा मुंबईला गेला. या दोन गठ्ठ्यांची एकमेकांशी गाठ पडायला साठ वर्षे लागली. मी पोस्टाच्या शिक्क्यांच्या तारखा पाहून जोड्या लावत गेलो आणि एकशे साठच्या आसपास जोड्या जुळल्या. ज्या महिन्याचे कूपनही नाही आणि पोचही नाही, त्या महिन्यात पैसे गेले नाहीत असे मी धरले आहे.

अशी पहिली मोठी पोकळी १९२८ मध्ये आहे, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने कताईयंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी मालकांची नवी पद्धत हे त्या संपाच्या मुळाशी असलेले एक मोठे कारण होते. पगार बंद झाल्यावर मुंबईत बसून खाणे परवडणारे नव्हते आणि हजारो कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी निघून गेले. पणजोबाही त्यांच्यात होते, असे मी खात्रीने म्हणू शकतो, आणि त्याचा पुरावा माझे आजोबा आहेत.

आजोबांचा वाढदिवस आम्ही १ जूनला करत असू. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९२८ अशी तारीख आहे, पण महाराष्ट्रातल्या त्या पिढीचा अर्धा भाग १ जूनलाच जन्मला आहे, कारण आई-बापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर शाळा सुरू होण्याच्या बेताची तारीख टाकून मोकळे होत. म्हणून मी तहसील कार्यालयात अर्ज करून जन्म-मृत्यूच्या नोंदीचे पुस्तक, म्हणजे गाव नमुना नंबर १४, पाहायला मागितले. नोंद मोडीत होती. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी ती लावून दिली आणि आजोबा नऊ महिन्यांनी लहान झाले. त्यांचा जन्म मार्च १९२९ मधला आहे. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत, तेव्हा मे संपण्याच्या आत मुंबई सोडून जैतापूर बंदरात उतरलेला माणूस नारळी पौर्णिमेपर्यंत गावातच अडकणार, हे उघड आहे. त्या वर्षीची लावणी पणजोबांनी स्वतःच्या हाताने केली असणार. गिरणीत लागल्यापासून असे किती पावसाळे त्यांनी घरी काढले याचा हिशेब मी कूपनांवरून करून पाहिला. हा एकच पावसाळा निघतो.

दुसरी पोकळी आत्याआजीची. १७ एप्रिल १९३४ च्या शिक्क्याचे आठ रुपयांचे कूपन आहे, आणि त्याच्यानंतर तारेला थेट ऑगस्ट १९३५ चे, तीन रुपयांचे. सोळा महिने काही नाही. एप्रिल १९३४ मध्ये मजुरीकपातीच्या विरोधात पुन्हा सार्वत्रिक संप झाला होता, पण तो दोन-अडीच महिन्यांत मोडला, त्यामुळे एकट्या संपाने सोळा महिन्यांचा उलगडा होत नाही. तो उलगडा गाळ्याच्या वहीत आहे. गाळ्यात वीस-बावीस माणसे पाळीपाळीने राहत आणि भाड्याचा, दिवाबत्तीचा वाटा दरमहा प्रत्येकाच्या नावासमोर मांडला जाई. जुलै १९३४ पासून पणजोबांच्या नावासमोर जमा काही नाही, बाकी मात्र महिन्यामागून महिना पुढे ओढलेली आहे. नाव कुणी खोडलेले नाही. ऑक्टोबर १९३५ पासून ही बाकी चार आणे, सहा आणे करत फिटू लागते.

ट्रंकेतला गिरणीचा दाखला इथे उपयोगी पडला. पणजोबा कायम झाल्याची तारीख त्यात १९४१ ची आहे. म्हणजे संपात त्यांची जागा गेली आणि पुढची सहा-सात वर्षे ते बदली कामगार होते. बदलीवाला म्हणजे रोज पहाटे भोंग्याआधी गिरणीच्या दारात उभा राहणारा आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जाणारा माणूस. कोणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात असे, आणि त्या हाताला काहीतरी चिकटल्याशिवाय तो हलत नसे. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदलीची पद्धत बांधून दिली. महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक माणसांना बदलीचे कार्ड मिळू लागले आणि कार्डवाल्यालाच आधी काम देण्याचे ठरले. तीन रुपयांचे ते कूपन याच वर्षीचे आहे, आणि हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

आत्याआजी आज असती तर मी ती वही तिच्यासमोर ठेवली असती. दुसरे घर करणारा माणूस पहिल्या गाळ्याचे चार आणे वर्षभर थकवून तिथेच राहत नाही. अर्थात, दोन ओळींचे पत्र का लिहिले नाही, हा तिचा प्रश्न उरतोच, आणि त्या प्रश्नाच्या बाबतीत मी तिच्याच बाजूचा आहे. पोस्टकार्डाला तीन रुपये लागत नव्हते.

कसबाची गोष्टही मला थोडी दुरुस्त करावी लागली. विणाई खात्यात मजुरी इतर खात्यांपेक्षा बरी होती आणि तिथे शिरायला कसब लागत असे, हे खरे. पण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी, म्हणजे धाग्याची नळी, संपली की नवीन कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि उष्ट्याचा विटाळ होतो असे म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात येऊच दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न लावून धरला होता. पणजोबांच्या कसबाला दार उघडे मिळाले त्यात त्यांच्या जातीचा वाटा होता, आणि घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतून तो बरोबर गळून गेला होता.

कूपनांचा ढीग समोर असला की माणूस नको तितके निरखू लागतो. १९३६ पर्यंतचे शिक्के बहुतेक महिन्याच्या १५ ते २० तारखांचे आहेत, आणि १९३७ च्या उन्हाळ्यानंतरचे, बदलीच्या दिवसांतलेसुद्धा, १० ते १२ च्या आत येतात. पुष्कळ दिवस मला याचे कारण लागेना. मग वेतन प्रदान अधिनियम आठवला. तो १९३६ चा आहे आणि मार्च १९३७ अखेर लागू झाला. हजार किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार देणे त्याने भाग पाडले. त्याआधी महिनाभर केलेल्या कामाचे पैसे पुढचा महिना अर्धा सरला तरी मिळत नसत, आणि तोवर वाणी आणि खानावळ उधारीवर चाले. दिल्लीत झालेला कायदा आमच्या माजघरातल्या तारेला आठवडाभर आधी येऊन टांगला गेला, हे पाहून मला विलक्षण वाटले.

१७ जुलै १९४७ ला बुडालेल्या रामदास बोटीचे तिकीट पणजोबांनी काढले होते आणि ऐनवेळी ते गेले नाहीत, असेही आमच्याकडे सांगतात. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी गेली आणि कोकणातल्या घराघरांत असे एक वाचलेले तिकीट आहे. रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. राजापूरच्या माणसाचे भर पावसाळ्यात रेवसला काय काम होते, हे मला कोणी सांगितलेले नाही.

आता जमिनीकडे येतो, कारण शेवटचा कागद तिथला आहे. आमची जमीन खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची होती आणि आम्ही ती कसणारे कूळ. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पुढे कूळकायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ त्या दिवसापासून मालक मानले गेले. आमची ३२ ग ची चौकशी, म्हणजे कुळाने जमिनीची किती किंमत द्यायची ते ठरवणारी चौकशी, १९६२ मध्ये झाली. फेरफाराचा क्रमांक ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर सापडला आणि त्यावरून मूळ प्रकरणाची नक्कल काढता आली. त्यात जमीनमालकाच्या बाजूने हरकत घेतलेली आहे की कूळ तीस वर्षे मुंबईत गिरणीकामगार आहे, तो जमीन कसत नाही. हरकत वस्तुस्थितीला धरूनच होती. पण कायद्यात स्वतः कसणे याचा अर्थ कुटुंबातल्या माणसाने अंगमेहनतीने कसणे असाही होतो, आणि म्हणून पणजीचा जबाब घेण्यात आला.

तो दीड पानाचा आहे. नांगरट भाड्याच्या जोताने करून घेते, तरवा, लावणी, बेणणी आणि कापणी स्वतः करते, नवऱ्याच्या मनीऑर्डरीतून खंड भरते, असे तिने सांगितले आहे. खंडाच्या वर्षांबद्दल विचारल्यावर तिने पैसे आल्याचे कागद घरी तारेला आहेत असे उत्तर दिले आहे. ते कागद तिने आणून दाखवले आणि प्रकरणात त्यांची नोंद झाली. जमीन खरेदीचा, म्हणजे ३२ म चा दाखला पणजोबांच्या नावाने निघाला आणि सातबाऱ्यावर त्यांचेच नाव लागले. तिचे नाव सातबाऱ्यावर पणजोबा गेल्यानंतरच्या वारसनोंदीत, मुलांच्या खाली आले.

पोचपावत्यांवर तिच्या नावाऐवजी ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ एवढेच आहे आणि शेजारी साक्षीदार म्हणून शाळेच्या मास्तरांची सही. हे अंगठे मी भिंगाखाली महिन्यांप्रमाणे लावून पाहिले. माघ-फाल्गुनातले ठसे स्वच्छ आहेत, एकेक रेघ मोजता येते. आषाढातले ठसे दरवर्षी पुसट आहेत, कारण दिवसभर चिखलात राहून आवे, म्हणजे भाताची रोपे, लावणाऱ्या बोटांवर रेघा उरत नाहीत. ३२ ग च्या जबाबाखाली तोच अंगठा आहे. तारीख जुलैची आहे, आणि तो ठसा म्हणजे जवळजवळ नुसता शाईचा एक डाग आहे.