कल्याण म्हणजे कोण?

बारा-अ ची केस म्हटली की आमच्या वकिलांच्या बार रूममध्ये कोणी मान वर करून बघत नाही. महाराष्ट्र जुगार प्रतिबंध कायदा, 1887, कलम 12(अ). पंचनाम्याचा मजकूर ठरलेला, फक्त नाव आणि रक्कम बदलायची: 'कल्याण नावाचा मटका जुगार लोकांकडून पैसे घेऊन स्वतःच्या फायद्याकरिता खेळवीत असताना मिळून आला.' बहुतेक जण पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि दुपारच्या एस.टी.ने घरी जातात.

आबा कबूल करायला तयार नव्हते. वय सत्तरीच्या पुढे, पांढरी टोपी, खिशात चष्म्याचं घर. पानाच्या टपरीशेजारी पोलिसांनी त्यांना धरलं होतं. जप्तीत आकडे लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या, एक बॉलपेन आणि 640 रुपये. त्यांची तक्रार एकच होती. "मॅडम, मी लावणारा हाय, घेणारा न्हाई. मला घेणारा केलाय ह्यांनी." कायद्याच्या दृष्टीने यात फार फरक पडत नाही हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांना मात्र हा फरक इज्जतीचा वाटत होता.

2019 चा डिसेंबर होता. पंच नेहमीप्रमाणे फितूर झाले. एकाने तर कोऱ्या कागदावर सही केली होती असं सांगितलं. राहिले हवालदार. उलटतपासात मला फक्त एवढंच दाखवायचं होतं, की साक्षीदाराला जुगाराची काही माहिती नाही, त्याने छापील मजकूर खाली उतरवलाय.

"मटका जप्त केलात का?"

"मटका... म्हणजे मडकं नव्हतं तिथं."

"चिठ्ठीवर 'कल्याण' लिहिलंय. कल्याण म्हणजे काय?"

हवालदार थोडे थांबले. "कल्याण. ठाणे जिल्ह्यातलं."

मी मनातल्या मनात खूश झाले. लघुलेखकाने वाक्य टाइप केलं. तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला.

"सायेब, कल्याण म्हंजे गाव न्हाई. कल्याणजीशेट. कल्याणजी भगत. कच्छचा मानूस, वरळीला बसायचा, विनोद महलात."

मी मागे वळून हाताने खूण केली, गप्प बसा. ते बसले नाहीत. "आनि मडकं रतन खत्रीचं. ह्यांना कायबी म्हाईत न्हाई."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आबा, तुमची पाळी आल्यावर सांगा. आत्ता तुमचे वकील बोलतायत." यातलं काही नोंदीवर घेतलं नाही, हे आमचं नशीब. माझ्या सगळ्या उलटतपासाचा आधार 'इथे कोणालाच मटका माहीत नाही' हा होता, आणि माझाच पक्षकार उभ्या कोर्टात मटक्याचा इतिहास सांगत होता.

बाहेर चहाच्या टपरीवर मी चिडूनच विचारलं, एवढी घाई काय होती? त्यांनी बशीत चहा ओतला. आबा लालबागला गिरणीत होते, 1982 च्या संपापर्यंत. अडीच लाख संपकऱ्यांतले एक. मग गावी परतले. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर पडताळूनही पाहिलं. मुळात हा खेळ कापसाच्या भावावरचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव मुंबईत यायचे आणि लोक त्यांच्या शेवटच्या आकड्यांवर पैसे लावायचे. म्हणून आजही शब्द 'ओपन' आणि 'क्लोज'. 1961 मध्ये तिकडून भाव येणं थांबलं आणि धंदाच बसायची वेळ आली. 1941 साली कच्छहून मुंबईत आलेल्या कल्याणजींनी 1962 मध्ये वरळी मटका सुरू केला. कराचीहून आलेले सिंधी रतन खत्री आधी त्यांच्याबरोबरच होते. 1964 मध्ये त्यांनी आपला वेगळा, न्यू वरळी काढला. कापूस नाही तर नाही, चिठ्ठ्या मडक्यात टाका आणि काढा. पुढे मडकंही गेलं, पत्ते आले. नाव तेवढं राहिलं.

"तीन पानं काढायची. तीन, पाच, सहा. बेरीज चौदा. वरचा एक सोडून द्या, ओपन आला चौका." आबांनी चहाच्या ओल्या बोटाने टेबलावर लिहून दाखवलं. "रात्री तसंच क्लोज. दोन्ही मिळून जोडी. एकाला नव्वद."

जोड्या शंभर, देणार नव्वद. उरलेले दहा कुणाचे हे गिरणीत हिशेब ठेवणाऱ्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "खत्री सगळ्यांसमोर पानं काढायचा, म्हनून लोकांचा भरवसा." मला हे उत्तर पटलं नाही, अजूनही पटत नाही. समोर काढलेल्या पानांनीही चाळीतले पगार संपतच होते. पण आणीबाणीत खत्री तुरुंगात गेले तेव्हा आपल्याच खात्यातले साहेब आत गेल्यासारखं आबांना वाटलं होतं.

त्या रात्री मी कायदा पुन्हा काढला. जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या वकिली सुरू केल्यापासून मी नीट वाचलीच नव्हती. कापसाचा भाव आणि त्यातले आकडे, अफू, पाऊस पडणं-न पडणं, किती पडला. मग पत्त्यांवरचे आकडे आणि त्यांची बेरीज. शेवटी मोटारींचे नंबरसुद्धा. लोकांनी कशाकशावर पैसे लावले ते सगळं एका कलमात थरावर थर साचलेलं. पत्त्यांच्या बेरजेची ओळ वाचताना मला टपरीवरचं ओलं टेबल दिसलं.

निकाल लागेपर्यंत लॉकडाऊन उलटून गेला. मधल्या काळात, 9 मे 2020 ला, खत्री मुंबईत वारले. आबा पुराव्याअभावी निर्दोष सुटले. केसच्या कागदांच्या नकलेसाठी त्यांनी स्वतः अर्ज केला आणि ती घेऊन माझ्या टेबलापाशी आले. हवालदारांच्या जबाबातल्या ओळीवर बोट ठेवलं: 'कल्याण हे ठाणे जिल्ह्यात आहे.'

"मॅडम, हे दुरुस्त करून घेता येतंय का?"

"आबा, सुटलात ना तुम्ही? याच वाक्यावर सुटलात."

"सुटलोय," ते म्हणाले, "पन चुकीचं लिवलंय."