कढईतला सूर्य आणि मामांचा सेक्स्टंट

परभणी, २१ डिसेंबर

आज दुपारी व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेल्या मामांनी आमच्या गच्चीवर उभं राहून परभणीचा अक्षांश काढला. १९ अंश १५ मिनिटं. नकाशात आपलं शहर १९ अंश १६ मिनिटांवर आहे. फरक एका मिनिटाचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. जवळपास पन्नास वर्षांपूर्वी हॅम्बुर्गमध्ये पगार साठवून घेतलेल्या प्लाथ कंपनीच्या सेक्स्टंटनं, म्हणजे सूर्याचा नाहीतर ताऱ्याचा क्षितिजापासूनचा कोन मोजायच्या यंत्रानं, आज एवढ्या जवळचं उत्तर दिलं, याचा आनंद दिवसभर उतरलेला नाही. म्हणून रात्री हे लिहून ठेवते आहे.

समुद्र इथून देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभराच्या वाटेवर. सेक्स्टंटला क्षितिज लागतं, पाणी आणि आकाश जिथं मिळतं ती स्वच्छ रेघ. आपल्याकडे चारी बाजूंना घरं, पाण्याच्या टाक्या आणि कडुलिंबाचे शेंडे. त्यामुळे गावी परतल्यापासून मामांची ती लाकडी पेटी माळ्यावरच होती. पण जमिनीवर मोजणी करणाऱ्यांनी यावर फार पूर्वी उपाय काढलेला आहे. पसरट भांड्यात पारा, तेल नाहीतर काकवी ओतायची. द्रव स्थिर झाला की त्याचा पृष्ठभाग आपोआप समतल होतो. त्यात दिसणारा सूर्य आडव्या रेषेच्या तेवढाच खाली असतो, जेवढा खरा सूर्य वर आहे. या दोन सूर्यांमधला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा.

पारा आणायचा कुठून आणि हाताळायचा कशाला, म्हणून करडईचं तेल आणि काळीभोर लोखंडी कढई. मामी आधी म्हणाल्या, "एवढं तेल उन्हात ठिवायलाव?" मग त्यांनीच वाऱ्याच्या बाजूला पोत्याचा आडोसा धरला, आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

घड्याळ माझ्याकडे होतं. भारतीय वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि आपण त्याच्या पश्चिमेला पावणेसहा अंश, त्यामुळे परभणीत सूर्य आज बारा वाजून एकवीस मिनिटांनी डोक्यावरची रेषा ओलांडतो. मामा बारा वाजल्यापासूनच उभे. एक गडद काच खऱ्या सूर्यासाठी, दुसरी तेलातल्या सूर्यासाठी. दोन बिंबं एकमेकांवर अचूक बसवायची आणि सरकायला लागली की बोटानं चकती थोडी फिरवायची. कोन वाढत वाढत गेला, मग थांबला. "बस्स. आता हा उतरायला लागंल," मामा म्हणाले आणि सेक्स्टंट माझ्या हातात दिला. ९४ अंश ४० मिनिटं.

निम्मे ४७ अंश २० मिनिटं. हवेमुळे प्रकाश वाकतो त्याचं एक मिनिट वजा. नव्वदातून ते काढलं की उरले ४२ अंश ४१ मिनिटं. आज दक्षिणायनाचा शेवट, सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३ अंश २६ मिनिटांवर. तेही वजा केलं आणि परभणी मिळाली. मी भूगोल शिकवते, मकरवृत्त, कर्कवृत्त दरवर्षी फळ्यावर काढते. पण आपल्या गावाचा अक्षांश असा एका दुपारी, कागदाच्या अर्ध्या पानावर, उन्हातून उतरताना मी पहिल्यांदा पाहिला.

मामांनी मग यंत्र उघडून दाखवलं. "चापाला हात लावू नको, काट्याच्या दांड्याला तर नाहीच. चौकटीला धर." चाप म्हणजे अंश कोरलेली खालची कमान, काट्याचा दांडा तिच्यावर फिरतो. दोन आरसे. एक फिरत्या दांड्यावर, दुसरा स्थिर, त्याची अर्धी काच मोकळी. सूर्याचा किरण दोन्हींवर आपटून डोळ्यात येतो, आणि मोकळ्या अर्ध्या काचेतून क्षितिज दिसतं. यातलं सौंदर्य मला आज कळलं. जहाज कितीही डुललं, हात हलला, तरी सूर्य आणि क्षितिज दुर्बिणीत एकत्रच हलतात, एकमेकांना सोडत नाहीत. हलत्या डेकवर म्हणूनच कोन मोजता येतो. १७३१ मध्ये इंग्लंडात जॉन हॅडलीनं आणि त्याच सुमारास फिलाडेल्फियात थॉमस गॉडफ्रीनं, एकमेकांना न कळता, हीच युक्ती शोधली. ते यंत्र वर्तुळाच्या आठव्या भागाचं होतं. चंद्र आणि ताऱ्यांमधली मोठी अंतरं मोजता यावीत म्हणून १७५७ च्या सुमारास कॅप्टन जॉन कॅम्पबेलनं चाप साठ अंशांपर्यंत वाढवायला लावला. दोनदा परावर्तन होत असल्यानं साठ अंशांच्या चापावर एकशेवीस अंश मोजता येतात.

अक्षांश असा मिळतो, रेखांशाला मात्र अचूक वेळ लागते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून घड्याळ चार सेकंद चुकलं की रेखांश एका मिनिटानं चुकतो. मामा सांगतात, त्यांच्या जहाजावर क्रोनोमीटरला, म्हणजे जहाजावरच्या अचूक घड्याळाला, रोज ठरलेल्या वेळी चावी दिली जायची आणि त्या कामात खंड पडलेला कोणी खपवून घेत नसे.

मामा गंगाखेडकडचे. गोदावरीचं पात्र हेच त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी. मग मुंबई बंदरात उभ्या असलेल्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर निवड झाली. १९२७ पासून तिथं व्यापारी जहाजांचे अधिकारी तयार होत. पुढं परीक्षेत समोरचे अधिकारी मुद्दाम बिघडवलेला सेक्स्टंट हातात देत आणि आरशांचे दोष ओळखून नीट करायला लावत. फिरता आरसा चौकटीला काटकोनात आहे का, स्थिर आरसा काटकोनात आहे का, आणि काटा शून्यावर असताना दोन्ही आरसे समांतर आहेत का, याच क्रमानं. तो क्रम मामांनी आज न अडखळता म्हणून दाखवला.

मी विचारलं, सगळ्यात जास्त काय आठवतं? मला वाटलं वादळ सांगतील. ते म्हणाले, संध्याकाळचे तारे. चीफ ऑफिसरचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, चार ते आठचा, पहाटेचा आणि संध्याकाळचा. सूर्य मावळल्यावर काही मिनिटंच अशी असतात की तारे उगवलेले आहेत आणि क्षितिजही अजून दिसतं आहे. तेवढ्यात पाच-सहा तारे आरशातून क्षितिजावर उतरवून त्यांचे कोन घ्यायचे. एका ताऱ्यातून जागा मिळत नाही, फक्त एक रेषा मिळते. जहाज त्या रेषेवर कुठंतरी असतं. १८३७ मध्ये थॉमस समनर नावाच्या अमेरिकन कप्तानाला आयर्लंडजवळ ढगांतून एकदाच सूर्य दिसला आणि त्यातून ही रेषेची गोष्ट जगाला कळली. पावसाळ्यात अरबी समुद्रात मामांनीही अशी एकच रेषा हातात धरून मुंबईकडे जहाज आणलेलं आहे.

"रेषा जुळल्या की नकाशावर पेन्सिलनं खूण करायचो," ते म्हणाले, "आणि खाली चाळीस माणसं त्या खुणेच्या भरवशावर झोपायची."

हे ऐकल्यावर निवृत्त दर्यावर्दी ही पेटी का विकत नाहीत, ते मला नीट समजलं. १९९५ मध्ये जीपीएस पूर्णपणे सुरू झाल्यावर रोजची गरज संपली, हे खरं. तरी अमेरिकेच्या नौदल अकादमीनं बंद केलेलं ताऱ्यांवरून दिशा काढण्याचं शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं, कारण उपग्रहाचा संकेत अडवता येतो, सूर्य अडवता येत नाही. पण मामांसाठी कारण याहून जवळचं आहे. त्या चापावर त्यांच्या डोळ्यांनी आणि त्यांच्या हातानं घेतलेली जबाबदारी आहे. बाजारात शोभेचे चकचकीत पितळी सेक्स्टंट मिळतात, मामांना एक भेटही आलेला आहे. त्याचे आरसे नुसते चिकटवलेले आहेत, ते कधीच काही मोजणार नाहीत. मामांचा सेक्स्टंट दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, त्या पितळी वस्तूच्या शेजारी जाऊ नये, असं मला फार मनापासून वाटतं.

मावशीचा नातू पुढच्या वर्षी कॅडेट म्हणून जहाजावर जाणार आहे. पेटी त्याला द्यायची, असं मामांच्या मनात आहे. अट एकच, आधी इथं येऊन परभणी काढून दाखवायची. माझ्या वर्गातल्या मुलींनाही त्या दिवशी गच्चीवर बोलावणार आहे. फार उशीर करून चालणार नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दुपारचा सूर्य साठ अंशांच्या वर जातो, दुप्पट कोन एकशेवीसच्या पुढं सरकतो आणि चाप अपुरा पडतो. म्हणून संक्रांतीनंतरचा पहिला रविवार ठरवला आहे. मामींनी करडईचं तेल वेगळं काढून ठेवलं आहे आणि मी उद्या मावशीला फोन करणार आहे.