एक फोन, चाळीस कार्डं

आज सहावीच्या गणिताला प्लिकर्स, म्हणजे मुलांनी धरलेली छापील कार्डं फोनने स्कॅन करून उत्तरं टिपणारं अॅप. मुलांकडे फोन लागत नाही, हीच त्याची खरी ताकद. ४० कार्डं साध्या कागदावर छापायची आणि कार्ड क्रमांक तोच हजेरी क्रमांक ठेवायचा. कार्डाच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर धरायची, शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून हळू फिरवायचा.

चकचकीत लॅमिनेशन टाळा. ट्यूबलाइट त्यात चमकते आणि कार्डावरच्या काळ्या नक्षीचा कोड फोनला वाचता येत नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कार्ड उत्तम. मुलांची बोटं काळ्या नक्षीवर येतात, म्हणून कार्ड कडेला धरायची सवय आधी पाच मिनिटं करून घ्या. खिडकी मुलांच्या पाठीमागे असेल तर कॅमेऱ्यात कार्डं काळवंडलेली दिसतात. अशा वेळी जागा बदला.

सगळी मेहनत मात्र पर्यायांत घाला. −३ − ५ = ? याला −८, −२, २, ८ असे पर्याय द्या. ८ निवडणारं मूल ‘वजा-वजा अधिक’ हा गुणाकाराचा नियम इथे लावतंय. −२ वाल्याने पहिलं चिन्ह पाहिलंच नाही. २ आलं तर दुसऱ्या वजाचं अधिक झालंय. प्रत्येकाला वेगळी संख्यारेषा काढून दाखवावी लागते. उत्तर लगेच सांगू नका. शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या, मग पुन्हा स्कॅन करा.